वॉट बघू नका, नोझल बघा

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की रोजच्या झाडलोटीसाठी मला चाकांवरचा, म्हणजे कॅनिस्टर व्हॅक्यूम अजूनही सगळ्यात बरा वाटतो, आणि त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. ज्यांना नावावरून लक्षात येत नाही त्यांच्यासाठी सांगते, मोटर आणि धुळीची पिशवी असलेला मुख्य भाग चाकांवर तुमच्या मागे मागे येतो, त्याला लवचिक नळी, नळीला दांडा आणि दांड्याच्या टोकाला नोझल, म्हणजे धूळ आत घेणारं तोंड. वजन जमिनीवर राहतं, हातात फक्त दांडा. कल्पना जुनी आहे, १९२१ साली इलेक्ट्रोलक्स कंपनीने मॉडेल व्ही नावाचा आडव्या नळकांड्यासारखा व्हॅक्यूम काढला होता, त्याला चाकं नव्हती, घसरगाडीसारख्या दोन पट्ट्यांवर तो सरकायचा, पण बाकी मांडणी तीच.

प्रश्न: ताई, दोन मॉडेलवर येऊन अडकलेय. एकावर मोठ्ठ्या अक्षरात २००० वॉट लिहिलंय, दुसऱ्यावर ८५० वॉट. नवरा म्हणतो डबल पॉवरचं सोडून अर्ध्याचं कशाला घ्यायचं. मलाही तसंच वाटतं, पण वापरणारे लोक दुसऱ्याचं कौतुक करतायत. काय करू?

वापरणाऱ्यांचं ऐका. वॉट म्हणजे ते यंत्र सॉकेटमधून किती वीज खातं, धूळ किती ओढतं ते नाही, आणि या दोन गोष्टींच्या मध्ये पंख्याची पाती, हवेची वाट, पिशवी, फिल्टर, सांध्यांमधल्या गळत्या असं सगळं येतं, तिथे अर्धी ताकद सहज वाया जाऊ शकते. युरोपियन युनियनने सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉटची कमाल मर्यादा घातली आणि सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वर आणली, सोबत आवाजही ८० डेसिबलच्या आत ठेवायला लावला. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं आता व्हॅक्यूम नुसते गुरगुरणार, धूळ काही निघणार नाही. पण कंपन्यांनी मोटर, पाती आणि नोझलवर काम केलं आणि कमी विजेत चांगली सफाई करणारी मॉडेल्स आली. तुमचं ८५० वालं बहुतेक याच जातीचं असणार.

मग बघायचं काय? खोक्यावर दोन आकडे शोधा, एक सक्शन म्हणजे खेच, ती किलोपास्कलमध्ये देतात, आणि दुसरा हवेचा प्रवाह, सेकंदाला किती लिटर तो. यातही एक गोम आहे. खेचेचा सगळ्यात मोठा आकडा नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, म्हणजे त्या क्षणी हवा वाहतच नसते, आणि प्रवाहाचा सगळ्यात मोठा आकडा तोंड मोकळं ठेवून, म्हणजे तेव्हा खेच जवळजवळ शून्य. स्ट्रॉच्या टोकावर बोट दाबून ओढून बघा, ओढ जोरदार लागते पण तोंडात काहीच येत नाही. धूळ उचलायला दोन्ही एकाच वेळी लागतात, म्हणून एअरवॉट नावाचं माप आहे, त्यात त्याच क्षणाची खेच आणि त्याच क्षणाचा प्रवाह यांचा गुणाकार असतो. दोन्ही मॉडेलवर एअरवॉट दिला असेल तर तुलना त्यावरच करा, नुसत्या वॉटवर नको.

आणि अजून एक, हे सगळे आकडे नव्या कोऱ्या मशीनचे, रिकाम्या पिशवीचे. युरोपात व्हॅक्यूमवर एनर्जी लेबल असायचं, त्यातल्या सफाईच्या चाचण्या रिकाम्या पिशवीवर किंवा रिकाम्या डब्यावर व्हायच्या, त्याविरुद्ध डायसन कंपनी कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने ते लेबलच रद्द केलं, जानेवारी २०१९ पासून ते गेलं. घरात रिकाम्या पिशवीने आपण पहिले काहीच दिवस झाडतो ना, पुढचे सगळे दिवस पिशवी भरतच असते.

शक्य असेल तर एवढं करून बघा, मी स्वतः दुसरं काही करत नाही. चिमूटभर बारीक वाळू गुळगुळीत फरशीवर पसरा, थोडी भिंतीच्या अगदी कडेला, आणि नोझल एकदाच पुढे ढकला. काही नोझलची पुढची कड सरळ भिंतीसारखी असते, ती दाणे आत घ्यायच्या ऐवजी पुढे लोटत नेते, खराट्यासारखी. चांगल्या नोझलला पुढून छोट्या खाचा असतात, दाणे त्यातून आत जातात. भिंतीला टेकवून उचललंत की कडेला किती बोटांची पट्टी तशीच राहिली ते दिसतं. २००० वॉट मागे कितीही घोंघावू दे, पुढचं तोंडच दाणे ढकलत असेल तर तुम्ही दर वेळी त्याच वाळूवरून तीनदा फिरणार आहात.

प्रश्न: मी सत्तरी ओलांडलीये, कंबर दुखते, घर दोन मजली आहे आणि जिना आहे. मुलगी म्हणते कॅनिस्टर घ्या. झेपेल का?

काका, खोल्यांमध्ये नक्की झेपेल, जिन्यावर जरा विचार करावा लागेल. कॅनिस्टरचा मुख्य भाग साधारण ४ ते ७ किलोचा असतो. खोलीत तो चाकांवर असतो त्यामुळे वजन लागत नाही, पण मजला बदलताना उचलावा लागतो, म्हणून ५ किलोच्या आतला बघा आणि उचलायची मूठ वर आहे की बाजूला तेही बघा, मूठ बाजूला असली की मशीन उभं धरून अंगाजवळ ठेवता येतं, कंबरेला बरं पडतं. जमलंच तर प्रत्येक मजल्यावर खर्चाप्रमाणे वेगळी सोय करा, खाली कॅनिस्टर, वर साधा हलका ब्रश.

जिना झाडताना मशीन पायरीवर तोलून ठेवू नका, प्लीज. अर्धा जिना खालच्या सपाट जमिनीवर मशीन ठेवून नळी पोचेल तिथपर्यंत, आणि उरलेला वरच्या सपाट जागेवर ठेवून. म्हणून नळी आणि वायर दोन्ही लांब हव्यात. माहितीपत्रकात कामाची त्रिज्या लिहिलेली असते, त्यात वायर, नळी, दांडा सगळं धरलेलं असतं, ८ मीटरच्या खाली असेल तर मोठ्या घरात सारखा प्लग बदलावा लागतो आणि प्रत्येक वेळी वाकावं लागतं, तुमच्यासाठी तेच महत्त्वाचं आहे.

कंबरेचं खरं दुखणं दांड्यात असतं. दांडा धातूचा आणि मागेपुढे सरकणारा घ्या, आणि उभं राहून मूठ कंबरेच्या उंचीला येईल एवढा तो लांब करा. लोक दांडा आखूड ठेवतात, वाकून झाडतात आणि मग मशीनला दोष देतात. वायर ओढताना बऱ्याच मॉडेलमध्ये आधी पिवळी खूण येते, मग लाल, पिवळी दिसली की थांबायचं, लालच्या पुढे ओढली तर आतली गुंडाळी तुटू शकते. आणि गुंडाळताना बटण दाबून वायर मोकळी सोडू नका, हाताने धरून सावकाश आत जाऊ द्या, प्लगचा फटका पायाला जोरात बसतो.

प्रश्न: घरात धुळीची ॲलर्जी आहे, मुलाला दमा. पिशवीवाला घेऊ की बिनपिशवीचा? बिनपिशवीच्यात पिशव्यांचा खर्च नाही असं सगळे सांगतायत, आणि हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) फिल्टर तर दोन्हीत आहे.

तुमच्या घरासाठी पिशवीवाला. यावर मी ठाम आहे.

बिनपिशवीच्या मशीनमध्ये हवा भोवऱ्यासारखी फिरते, धूळ डब्याच्या कडेला फेकली जाते आणि खाली साचते. झाडताना छान चालतं, त्रास डबा रिकामा करताना होतो. झाकण उघडलं की वरचा बारीक थर हवेत उडतो, आणि दमा असलेल्या घरात नेमकी हीच धूळ सगळ्यात वाईट. ते काम मुलगा घरात नसताना, बाहेर, डब्याचं तोंड मोठ्या पिशवीत घालून, पिशवीची कड हाताने आवळून करावं लागतं, आणि दर आठवड्याला एवढी काळजी कोण घेतं हो, मी तरी घेऊ शकले नाही. पिशवीवाल्यात पिशवी काढताना तिचं तोंड सरकत्या झाकणाने बंद होतं (अशीच पिशवी शोधा), सगळी उचलून कचऱ्यात. कागदी पिशव्यांपेक्षा न विणलेल्या सिंथेटिक कापडाच्या पिशव्या घ्या, त्या फाटत नाहीत आणि भरत आल्या तरी हवा बरी जाते. भरलेली पिशवी झटकून परत वापरू नका, तिची छिद्रं बारीक धुळीने बुजलेली असतात, झटकून ती मोकळी होत नाहीत आणि वर सगळी धूळ तुमच्या नाकात.

हेपाचं सांगते. एच १३ दर्जाचा हेपा, ज्या आकाराचे कण पकडायला सगळ्यात अवघड त्यांच्यातले ९९.९५ टक्के अडवतो. आकडा खरा आहे पण तो फिल्टरचा आहे, मशीनचा नाही! झाकणाचं रबर सैल असेल किंवा पिशवीची कॉलर, म्हणजे तोंडाची कडक पट्टी, नीट बसत नसेल तर हवा फिल्टरला वळसा घालून बाजूने बाहेर पडते आणि तुमचा एच १३ आत नुसता शोभेला बसतो. घरी तपासायचा सोपा उपाय आहे. दोन महिने वापरल्यावर पिशवी काढा आणि ती बसते त्या खोबणीच्या मागचा भाग पांढऱ्या कोरड्या कापडाने पुसा. कापड राखाडी झालं तर धूळ पिशवीच्या बाजूने निसटतेय. दुकानात विचारताना नुसतं हेपा आहे का असं विचारू नका, अख्खी मशीन सीलबंद आहे का, म्हणजे हवा फक्त फिल्टरमधूनच बाहेर पडते का ते विचारा.

खर्चाबद्दल, पिशव्या घ्याव्या लागतात हे खरंच. पण बिनपिशवीचाही फिल्टर धुवावा लागतो आणि तो पूर्ण, म्हणजे निदान २४ तास सुकवावा लागतो, ओला बसवला की वास सुटतो, बुरशी धरते आणि मोटरलाही धोका. त्यामुळे दोन फिल्टर बाळगावे लागतात. आणि घ्यायच्या आधी एवढं नक्की करा, त्या मॉडेलच्या पिशवीचा कोड लिहून घ्या आणि तो कोड सहज मिळतो का ते बघा, मशीन दहा वर्षं टिकली आणि पिशव्या चौथ्या वर्षी बंद झाल्या तर काय उपयोग.

प्रश्न: घरात बांधकाम झालंय, प्लास्टरची पांढरी धूळ सगळीकडे. कॅनिस्टरने ओढून काढू का?

नको. इतकी बारीक धूळ पिशवीची छिद्रं आणि फिल्टर बघता बघता बुजवते, मग मोटरला हवा मिळत नाही आणि ती तापते. यासाठी ड्रमसारखा ओला-सुका व्हॅक्यूम असतो, तो भाड्याने घ्या, बारीक धुळीच्या फिल्टरसकट. प्रिंटरचा टोनर (शाईची भुकटी) आणि राख हीसुद्धा कॅनिस्टरने ओढू नका, आणि गरम राख तर कुठल्याच मशीनला नाही, पिशवी आतून पेट घेऊ शकते. पाणी सांडलं असेल तर साध्या कॅनिस्टरने अजिबात ओढू नका.

प्रश्न: ताई, आमच्याकडे लांब केसांचा कुत्रा आहे, हॉलमध्ये जाड कार्पेट, बाकी घरात लाकडी फरशी. जुन्या कॅनिस्टरने कार्पेटवरचे केस निघतच नाहीत, वरवर फिरतो नुसता. नवीन घेताना काय बघायचं?

फिरता ब्रश. जाड कार्पेटमध्ये केस धाग्यांना गुंडाळलेले असतात, ते नुसत्या हवेने सुटत नाहीत, त्यांना उचकटायला लागतं. फिरता ब्रश दोन प्रकारचा येतो. टर्बो ब्रशमध्ये छोटं चक्र असतं, ते ओढल्या जाणाऱ्या हवेवर फिरतं, स्वस्त पडतं आणि जवळपास कुठल्याही कॅनिस्टरला लागतं, पण खेच कमी झाली की ब्रशही मंदावतो, आणि जाड कार्पेटमध्ये दाबून धरलंत तर चक्क थांबतो. इलेक्ट्रिक ब्रशमध्ये स्वतःची मोटर असते, तो जोर लावला तरी फिरत राहतो, पण त्यासाठी नळीतून आणि दांड्यातून वीज जायला लागते, म्हणजे मशीनमध्येच तशी सोय हवी. ही सोय नसलेल्या मशीनला ती नंतर जोडता येत नाही, म्हणून तुमच्यासारख्यांनी सुरुवातीलाच तसं मॉडेल घ्यावं. जाड कार्पेट आणि कुत्रा, दोन्ही असतील तर मी टर्बोवर पैसे घालणार नाही.

लाकडी फरशीवर मात्र हाच ब्रश बंद ठेवा किंवा काढून ठेवा, ब्रशचे फिरते केस दाणे मागे उडवतात आणि अडकलेला खडा फरशीवर ओरखडे पाडतो. तिथे मऊ केसांचं रुंद, चपटं नोझल. सोबत मिळणाऱ्या साध्या नोझलवर पायाने दाबायची कळ असते, तिच्याने खालचे ब्रशचे केस बाहेर येतात किंवा आत जातात. कडक फरशीवर केस बाहेर, कार्पेटवर आत. मी ज्यांच्या घरी बघितलंय त्यातल्या बऱ्याच जणांची ही कळ एकाच बाजूला कायमची बसलेली असते, आणि मग कार्पेटवर नोझल वर उचललेलं राहतं, बाजूने हवा आत येते आणि खेच वाया जाते. तुमच्या जुन्या मशीनचंही आधी हे बघा बरं.

हात सावकाश चालवा. ढकलताना नाही, स्वतःकडे ओढताना जास्त निघतं, आणि एकाच पट्ट्यावरून एक दिशा झाली की आडवं एकदा. नोझल कार्पेटला चिकटून बसत असेल तर मुठीवर एक सरकती खिडकी असते, ती थोडी उघडली की खेच कमी होते. पडद्यांसाठीही तीच वापरायची. आणि ब्रशच्या रोलवर गुंडाळलेले केस दर पंधरा दिवसांनी कात्रीने कापून काढा, बहुतेक रोलवर त्यासाठी लांब खाच दिलेली असते, दोन्ही टोकांच्या बेअरिंगपाशी विशेष, तिथे दोऱ्यासारखा घट्ट गोळा होतो आणि रोल जाम होतो.

प्रश्न: आता सगळे बॅटरीवाले दांड्याचे घेतायत, मग कॅनिस्टर जुनाट नाही का?

रोजच्या दोन मिनिटांच्या सांडलवंडीला बॅटरीवाला उत्तम, प्लग शोधावा लागत नाही. पण पूर्ण जोरावर बहुतेकांची बॅटरी काही मिनिटांतच संपते, जी अर्ध्या-पाऊण तासाची जाहिरात असते ती हळू वेगाची. डबा अर्धा-पाऊण लिटरचा, कॅनिस्टरची पिशवी ३ ते ४ लिटरची. मोटर, बॅटरी, डबा सगळं हातात तोलायचं, पडदे किंवा कपाटाच्या वरची जळमटं काढताना मनगट भरून येतं. आणि बॅटरी काही वर्षांत थकते, बदलायची मिळते का ते आधी विचारा. आठवड्याची पूर्ण सफाई एकाच मशीनने करायची असेल तर कॅनिस्टरच.

प्रश्न: आमच्या चार वर्षांच्या कॅनिस्टरची खेच खूपच कमी झालीये, पिशवी नवीन घातली तरी तसंच. दुरुस्तीवाला म्हणतो मोटर गेली, नवीन घ्या. घेऊ का?

थांबा, आज नका घेऊ. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. मलाही मोटर कमजोर झाली असंच सांगण्यात आलं, मी जवळजवळ नवीन मशीन ठरवली होती, आणि जुनी कुणाला द्यायच्या आधी पुसायला म्हणून नळी काढली. मुठीच्या खालच्या वळणात एक पेनाचं टोपण आडवं बसलं होतं, त्याला केस अडकलेले, केसांवर धूळ, त्यावर परत केस, असा बोटभर घट्ट बोळा, मधून जेमतेम वाट. काठीने मागून ढकलला आणि मशीन पहिल्यासारखी. ती पुढे सहा वर्षं चालली. एवढ्यासाठी मी किती महिने दोनदोनदा झाडत होते ते आठवलं की अजून वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला क्रमाने सांगते.

मशीन चालू करा, नळी मुख्य भागातून काढा आणि त्या भोकावर तळहात ठेवा. खेच जोरदार लागली तर मोटर ठीक आहे, अडचण पुढे नळीत, दांड्यात किंवा नोझलमध्ये. मग नळी जोडा, दांडा काढा, नळीच्या टोकावर तळहात. मग दांडा जोडून त्याच्या टोकावर. ज्या टप्प्यावर खेच एकदम पडते तिथेच बोळा आहे. बोळा दिसत नसेल तर प्लग काढून नळी सरळ उभी धरा आणि वरून एक गोटी सोडा, गोटी खाली आली नाही तर नळी अडलेली. नळी हळूहळू वाकवत कान देऊन ऐका, फाटलेल्या नळीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, फाटकी जागा बहुतेक मुठीच्या किंवा मशीनच्या तोंडाशी असते कारण तिथेच ती सारखी वाकते. नळी वेगळी बदलून मिळते.

भोकाशीच खेच कमी असेल तर आता पिशवी काढा आणि मागचे दोन फिल्टर बघा, एक मोटरच्या आधीचा, एक हवा बाहेर पडते तिथला. मोटरच्या आधीचा छोटा स्पंज लोक विसरतातच, पिशवी बदलतात आणि तो तसाच, काळाकुट्ट. झाकणाचं रबर फिरवून बघा कुठे चिरलंय का. मशीन चालता चालता आपोआप बंद पडत असेल तर तो तापमानाचा कटआउट आहे, मोटर वाचवायला दिलेला, प्लग काढून तासभर थंड होऊ द्या आणि तोवर बोळा शोधा.

हे सगळं झालं, फिल्टर नवे, नळी मोकळी, आणि तरीही भोकाशी तळहाताला ओढ लागत नाही, जोडीला जळका वास येतोय किंवा मोटरजवळ ठिणग्या दिसतायत, तर मग दुरुस्तीवाल्याचं म्हणणं बरोबर असू शकतं. पण तेव्हाही आधी मोटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे) बघायला सांगा, झिजले की मोटर मंदावते आणि बऱ्याच मोटरमध्ये ते बदलता येतात. तळहाताची तपासणी करून मला परत लिहा, कुठल्या टप्प्यावर खेच पडली ते नक्की कळवा.